अध्यक्षांची रेघ

गच्चीला चुना लावावा, एवढंच जोतीराम वाघमोडे यांचं म्हणणं होतं.

तसे ते म्हणणं मांडणाऱ्यांपैकी नव्हतेच. एका कॉलेजच्या ग्रंथालयात त्यांची नोकरी झाली आणि तिथे ‘शांतता राखा’ हे सांगायचं कामसुद्धा भिंतीवरची पाटी करत असे. निवृत्तीनंतर पाटी मागे राहिली आणि सरांची पंचाईत झाली. ते तोंड उघडून वाक्याची जुळवाजुळव करेपर्यंत समोरच्याचं बोलून, पटवून, चप्पल घालून झालेलं असे.

पण या वेळी प्रश्न बायकोचा, केराबाईंचा होता. रेवण अपार्टमेंटच्या तिसऱ्या, म्हणजे सगळ्यांत वरच्या मजल्यावर वाघमोड्यांचं घर. वर उघडी गच्ची आणि तिच्यावर सोलापूरचं ऊन. गेल्या मे महिन्यात पीठ चाळता चाळता केराबाईंना घेरी आली आणि त्या चाळणीसकट खाली बसल्या. तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत. यंदा होळी झाल्याबरोबर बोलल्या.

“अवो, औंदा गच्चीला चुना लागला तर मी हितं. न्हाय तर अक्षयतृतीया झाली की मी वैरागला, भावाकडं. मिरग निघाल्यावर येते. तुमी बसा पुस्तकात डोकं घालून, भाजल्या वांग्यावानी.”

केराबाई धमकी देत नसत, वेळापत्रक सांगत. त्यांनी माळ्यावरची पिशवी काढून, झटकून खुंटीला लावलीसुद्धा. सरांना चहा करता येत होता, वरण-भात लावता येत होता. पण केराबाई घरात नसल्या तर आपण सकाळपासून दिवेलागणीपर्यंत कुणाशीच बोलणार नाही, हेही त्यांना ठाऊक होतं, आणि ते त्यांना चुलीपेक्षा अवघड वाटत होतं.

म्हणून ते सोसायटीच्या अध्यक्षांकडे गेले.

अध्यक्ष म्हणजे ईरप्पा बिराजदार. मूळचे अक्कलकोटकडचे. एसटीत कंट्रोलर होते, आणि आवाज अजून फलाटावरचाच होता. पत्नी गेल्यापासून तळमजल्यावर एकटेच राहत. त्यांनी सरांचं म्हणणं अर्धं ऐकून घेतलं, हा सरांच्या आयुष्यातला चांगला दिवस म्हणायचा.

“काय बोललालाव सर? ऊन काय फ्लॅट नंबर बघून पडतंय होय? सगळ्यांनाच हाय की! आणि चुना लावला तर मायाक्कांच्या कुरडया वाळायच्या कुठं? पांढऱ्यावर पांढरं, कुरडई कुठली नि पोपडा कुठला, कोण ओळखणार? गच्चीवर झोपणारी पोरं सकाळी भूत होऊन खाली यायची. तुमचं घर जास्त तापतंय म्हणता, पुरावा काय?”

पुरावा! हा शब्द ऐकून सरांना बरं वाटलं. पुराव्याला बोलावं लागत नाही.

त्यांनी दुकानातून भिंतीवर टांगायचे दोन थर्मामीटर आणले. एक आपल्या बैठकीच्या खोलीत लावला, दुसरा विनंती करून अध्यक्षांच्या. रोज दुपारच्या चहाआधी ते खाली जात, अध्यक्षांच्या भिंतीसमोर चष्मा वर करून उभे राहत, आकडा मनात घोकत तीन मजले चढत आणि वर पोचेपर्यंत निम्म्या वेळा विसरत. मग पुन्हा खाली. लहानपणी सांगोल्याकडच्या माळावर त्यांचे वडील मेंढ्यांकडे बघून ऊन ओळखायचे. मेंढ्या एकमेकींच्या पोटाखाली डोकी घालून उभ्या राहिल्या की घटकाभर बसायचं. अपार्टमेंटमध्ये ती सोय नव्हती.

आकडे जमले. वर एकोणचाळीस-चाळीस, खाली चौतीस-पस्तीस. सर आकडे घेऊन सचिवांकडे गेले. सचिव म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचा इंद्रजीत कोळेकर. तो सरकारी कचेरीत होता आणि घरातही थोडासा कचेरीतच असायचा.

“सर, आकडे कोण वाचतंय? आमच्या हापिसात साहेब आकडे बघून जांभई देतात. चार्ट लावला की माना डोलवतात. एक्सेलमध्ये चार्ट काढा. मग मी त्याला जावक क्रमांक देतो, सही-शिक्का करतो, मग तो फलकावर लागेल. बिनशिक्क्याचं काही लावता येत नाही.”

घरात मुलीचा, पूनमचा, जुना लॅपटॉप होता. ती पुण्याला नोकरी करत होती. सरांनी आकडे भरले, तारखा भरल्या आणि चार्टचं बटण दाबलं. पहिल्यांदा गोल आला. प्रत्येक दिवशीच्या उन्हाची एकेक फोड, पुरणपोळीसारखी वाटून दिलेली. कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही. सरांनी तो पुसला. दुसऱ्यांदा रेघा आल्या, पण यंत्राने तारखांनाही उष्णतामानच मानलं. तारीख म्हणजे यंत्राच्या लेखी एक भलामोठा आकडा असतो, हे पूनमने नंतर सांगितलं. तोवर केराबाई चहा घेऊन आल्या होत्या आणि डाव्या बाजूचे आकडे वाचत होत्या.

“पंचेचाळीस हजार!” त्यांनी कप टेकवला. “बघा. मी म्हनत हुते का न्हाय? आनि तुमी म्हनायचा, चाळीसच हाय.”

“अगं, ते चुकून…”

“चुकून कसं? मशिनीला काय आपली दया येऊन खोटं बोलायचंय?”

शेवटी, पूनमच्या फोनवरच्या सूचनांनुसार चुकत-माकत, दोन रेघांचा चार्ट निघाला. वर तांबडी, खाली निळी. सरांनी तो चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणला. झेरॉक्सवाल्याने तो काळा-पांढरा छापला, त्यामुळे दोन्ही रेघा काळ्याच. सरांना दुकानात परत जाऊन तक्रार करणं जमण्यासारखं नव्हतं. त्यांनी घरी बसून स्केचपेनाने रेघा गिरवल्या. स्केचपेन घसरल्यामुळे उष्णतामानात दोन ठिकाणी जास्तीचे चढ-उतार आले, पण नाइलाज होता.

अध्यक्षांनी कागद लांब धरला, जवळ धरला.

“सर, ह्या दोन्ही रेघा शेजारी शेजारीच जाताती की! सख्खे भाऊ दिसताती. फरक कुठं हाय?”

आणि खरंच, फरक दिसत नव्हता. डावीकडचा उभा अक्ष शून्यापासून पन्नासपर्यंत होता. त्यात खालची सगळी जागा रिकामी पडलेली, आणि दोन रेघा पार वर, माळ्यावर ठेवलेल्या काठ्यांसारख्या जवळजवळ आडव्या. जे पाच अंश केराबाईंना चाळणीसकट खाली बसवत होते, ते कागदावर करंगळीएवढेही भरत नव्हते.

सर वर आले. केराबाईंनी त्यांचा चेहरा पाहिला आणि पिशवीत दोन पातळं घातली.

“बाबा,” पूनम फोनवर म्हणाली, “शून्यापासून कशाला? सोलापुरात शून्य डिग्री कधी असते? अक्षावर डबल क्लिक करा. उजवीकडे चौकट उघडेल. मिनिमम लिहिलंय तिथे शून्य खोडून चौतीस करा. मॅक्झिमम बेचाळीस.”

सरांनी केलं. आणि पडद्यावर जे झालं ते पाहून खुर्ची मागे सरकवली. निळी रेघ धाडकन तळाला जाऊन पडली आणि तांबडी आभाळाला भिडली. मधे एवढी मोठी दरी, की त्यात उजनी धरणाचं पाणी मावावं.

“पूनम, हे खोटं तर नाही ना?”

“आकडे तेच आहेत ना बाबा?”

“आकडे तेच आहेत.”

“मग?”

सरांचं समाधान झालं नाही. एकही आकडा न बदलता एवढा बदल होतो, म्हणजे आपण आजवर जे जे आलेख पाहून मान डोलावली त्यांचं काय, अशा विचारात ते दिवसभर होते. पण खुंटीवरची पिशवी आता फुगीर दिसत होती. त्यांनी या वेळी रंगीत छापून घेतलं. इंद्रजीतने जावक क्रमांक दिला, शिक्का मारला, आणि शिक्का नेमका डावीकडच्या आकड्यांवर बसला. चार्ट फलकावर लागला.

पहिल्या मजल्यावरच्या मायाक्का भाजी घेऊन येता येता फलकापुढे थांबल्या. त्यांनी आकडे वाचले नाहीत. शिक्क्यामुळे ते वाचता येण्यासारखे नव्हतेच. त्यांनी अध्यक्षांच्या नावाची रेघ पाहिली.

“अगं बया, अध्यक्षांच्या घरात ऊनच न्हाय की! रेघ पार जमिनीला टेकलीया. आन् आमी हितं भाजून निघालोय.”

सोलापुरात उन्हाळ्याच्या दुपारी कुणी दारात आलं तर ‘या’ म्हणतात, पाणी देतात, आणि फरशीवर आडवं व्हायला जागा देतात. ‘का आलात’ असं विचारण्याची पद्धत नाही. त्याच दुपारी मायाक्का उशी घेऊन अध्यक्षांकडे गेल्या. शहाबादी फरशीवर पाठ टेकून म्हणाल्या, “रेघ खरी हाय.” दुसऱ्या दिवशी त्यांच्यासोबत दोघी-तिघी आल्या. नंतर इंद्रजीतची आई आली, तिचा पंखा आला. केराबाईही जाऊ लागल्या. आठवडाभरात दुपारी अध्यक्षांच्या बैठकीत पाय ठेवायला जागा उरली नाही. बायका शेंगा फोडत, घोरत, एकमेकींच्या सुनांची चौकशी करत. ईरप्पा बिराजदार स्वतःच्याच घरात भिंतीकडेला उभे राहून मठ्ठा घुसळत.

“सर,” ते जिन्यात सरांना गाठून म्हणाले, “ही तुमची रेघ बघून लोकं येलालेत. मला दुपारी पडायला जागा न्हाई. काल मी स्वयंपाकघरात उभ्यानं झोपलो.”

“पण आकडे…”

“आकडे कोण बघतंय हो! रेघ वर घ्या माझी.”

“आकडा वाढला तरच रेघ वर जाईल,” सर चाचरत म्हणाले. आलेखाबद्दलचं हे साधं सत्य होतं. त्याचा असा उपयोग होईल, हे त्यांच्या डोक्यात आलं नाही. अध्यक्ष मात्र थांबले, सरांकडे बघत राहिले, आणि झपाझप खाली गेले.

इकडे दुसरंच प्रकरण सुरू झालं होतं. आपली रेघ नाही म्हणून लोक नाराज झाले. इंद्रजीत म्हणाला, “सर, दुसरा मजला अनुल्लेखित राहिलाय, हे बरोबर नाही.” मायाक्का म्हणाल्या, “आमची भिंत पश्चिमेची. आमची रेघ तुमच्यावर पायजे. न्हाय, तुमी मोठे मानूस, पर उन्हात कसलं मोठंपन?” सरांनी स्वतःच्या घरातला थर्मामीटर फिरवायला दिला. इंद्रजीतने जबाबदार माणसाला शोभेल असा मोजका आकडा कळवला. मायाक्कांनी थर्मामीटर गॅसशेजारी टांगून शेंगा भाजल्या आणि एक्केचाळीस कळवले. सरांनी मान खाली घालून ते भरले. वाद घालायचा तर आधी आवाज चढवावा लागला असता.

मग अध्यक्षांनी आपले ताजे आकडे चिठ्ठीवर लिहून पाठवले. सत्तेचाळीस. सत्तेचाळीस. अठ्ठेचाळीस.

सरांनी चिठ्ठी उलटी करून पाहिली. आकडा घ्यायला ते स्वतः खाली गेले, तेव्हा अध्यक्ष दारातच उभे होते, घाम पुसत, आणि त्यांच्या मागे टेबलावर इस्त्री तापत होती. थर्मामीटर भिंतीवरून उतरून इस्त्रीच्या शेजारी आला होता. कपडे मात्र कुठेच दिसत नव्हते.

“दिवस तापलेत सर,” अध्यक्ष म्हणाले.

सर ‘हो’ म्हणाले. वर येईपर्यंत त्यांनी मनातल्या मनात चार चांगली उत्तरं तयार केली. एकाहून एक सरस.

आकडे भरले आणि नवीच पंचाईत झाली. अक्ष बेचाळीसला बांधलेला, त्यामुळे अध्यक्षांची रेघ थोडी वर चढून चौकटीबाहेर नाहीशी झाली. तोच चार्ट फलकावर लागला आणि अध्यक्षांचा आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत आला.

“मला काढून टाकलं? अध्यक्षाला? कुणाच्या परवानगीनं?”

सरांनी घाईने मॅक्झिमम पन्नास केलं. आता बाकीच्या सगळ्या रेघा खाली दाटीवाटीने शेवयांसारख्या पडल्या, आणि सगळ्यांच्या वर, एकटी, अध्यक्षांची. वाघमोड्यांची तांबडी रेघ मधेच कुठेतरी होती. शोधावी लागत होती.

दुसऱ्या दुपारपासून तळमजल्यावर कुणी गेलं नाही.

सभा अक्षयतृतीयेच्या आदल्या संध्याकाळी पार्किंगमध्ये भरली. चार्ट वीजमीटरच्या पेटीवर चिकटवला होता. विषय एकच, गच्चीचा चुना. सर मागच्या खुर्चीवर बसले होते आणि शेजारी केराबाई. पिशवी भरून तयार होती. सकाळची वैराग गाडी किती वाजता लागते, ते केराबाईंनी खुद्द अध्यक्षांनाच विचारून ठेवलं होतं. एवढी वर्षं एसटीत काढलेला माणूस, माहिती बरोबर देणार.

अध्यक्ष उभे राहिले. चुन्याच्या विरोधात बोलायचं, हे त्यांनी ठरवलंच होतं. पण मायाक्का चार्टकडे बोट दाखवून आधीच बोलल्या.

“ईरप्पाण्णा, एवढं तापतंय तुमच्या घरात?”

अध्यक्ष अडकले. ‘नाही’ म्हणावं तर उद्या दुपारी उशा येणार.

“लई तापतंय,” ते म्हणाले.

“अठ्ठेचाळीस?”

“कधी कधी पन्नास.”

पार्किंगमध्ये हळहळ पसरली. मायाक्कांनी पदर डोळ्याला लावला. “एकटा मानूस, भट्टीत राहतोय, वर आमाला मठ्ठा पाजतोय, आन् आमी कुरडया धरून बसलोय. जळोत त्या कुरडया. मी साडीवर वाळवीन. लावा चुना!”

“पण गच्ची वर, मी खाली…” अध्यक्ष म्हणू लागले.

“ऊन वरनंच येतंय न्हवं?” इंद्रजीतची आई म्हणाली.

जोतीराम सर हे ऐकत होते. हवं होतं ते समोर चाललं होतं, पण खोट्या आकड्यावर. जन्मभर ज्या माणसाने पुस्तक जागच्या जागी ठेवलं, त्याला हे कसं सोसावं? ते उठले. सभेत ते आयुष्यात पहिल्यांदाच उभे राहत होते. सगळे वळून पाहू लागले.

“मला… या बाबतीत… एक…” सर म्हणाले.

“अनुमोदन!” इंद्रजीत लिहिता लिहिता ओरडला. “सूचक मायाक्का, अनुमोदक वाघमोडे सर. ठराव मंजूर.”

टाळ्या पडल्या. केराबाईंनी त्यांचा सदरा धरून त्यांना खाली बसवलं. “लई चांगलं बोललासा,” त्या म्हणाल्या. त्यात थट्टा नव्हती, हे सरांना जास्त लागलं.

सकाळी केराबाई गेल्या नाहीत. पिशवी मात्र भरलेलीच होती. “चुना डोळ्यानं बघीन, मग रिकामी करीन,” त्या म्हणाल्या.

दुपारी दार वाजलं. तीन मजले चढून आलेले ईरप्पा बिराजदार दारात धापा टाकत होते. सर चपापले. अध्यक्ष आले म्हणजे ठराव मोडणार.

पाणी पिऊन अध्यक्ष अगदी हळू आवाजात बोलले. हे त्यांना जमतं, हे सरांना माहीत नव्हतं.

“सर, ती माझी रेघ जरा खाली घ्या की.”

“पण आकडे तर तुम्हीच…”

“इस्त्रीजवळ ठेवला होता. तुमाला ठाऊक हाय, मला ठाऊक हाय.” त्यांनी टोपी गुडघ्यावर ठेवली. “आता कुणी येत न्हाई हो. दुपार जाता जात न्हाई. मठ्ठा केला काल, सवयीनं, भांडंभर. मीच प्यालो. घरात आवाज होता तेवढे दिवस बरं होतं.”

सरांना त्यांच्याबद्दल एकदम काहीतरी वाटलं. पण आकडा खरा केला की रेघ खाली येणार, रेघ खाली आली की ठरावाचा आधार जाणार, आणि आधार गेला की पिशवी वैरागला जाणार. खरं करावं तर बायको जाते, खोटं ठेवावं तर हा माणूस एकटा पडतो. सरांनी लॅपटॉप उघडला आणि तसाच मिटला.

स्वयंपाकघरातून केराबाई बाहेर आल्या. हाताला पीठ होतं.

“भाऊ, आधी गच्चीला चुना तर लागू द्या. मग रेघ आपसूक खाली येती की. त्येच्यासाठीच तर लावायचा.”

अध्यक्षांनी टोपी परत डोक्यावर ठेवली.

चुना लागला. अध्यक्ष स्वतः कामगारांवर लक्ष ठेवून होते. दोन गाड्या एकाच फलाटाला लागल्यासारखे ओरडत होते. गच्ची इतकी पांढरी झाली की दुपारी तिच्याकडे बघवेना. मग सरांनी दोन्ही थर्मामीटर जागच्या जागी लावून नवे आकडे घेतले. वर अडीच अंशांनी उतार. खरा, मोजलेला, सरांच्या दृष्टीने अतिशय सुंदर उतार. तळमजल्यावर, इस्त्री बंद झाल्यामुळे, तेरा अंशांनी.

चार्ट फलकावर लागला. अध्यक्षांची रेघ कड्यावरून उडी घेतल्यासारखी सरळ खाली. वाघमोड्यांची रेघ किंचित वाकलेली. दुसऱ्याच दुपारी उशा तळमजल्यावर परत आल्या. तिसऱ्या दिवशी शेजारच्या सोसायटीचे लोक चार्ट बघायला आले. गच्चीला चुना लावला की तीन मजले खालचं घर तेरा अंशांनी निवतं, ही गोष्ट त्यांनी मोबाइलवर फोटो काढून जुळे सोलापूर उपनगरभर पाठवली, आणि ‘उष्णता व चुना’ या विषयावर दोन शब्द बोलायला सरांना आमंत्रण आलं. सरांना रात्रीचं जेवण गेलं नाही.

सकाळी ते फलकापुढे उभे राहिले. आजूबाजूला कुणी नाही असं पाहून त्यांनी पेन काढलं आणि चार्टच्या खाली, कडेला, मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ लिहिली. लिहून वळतात तोच केराबाई जिन्यात. हातात मायाक्कांच्या कुरडयांचं ताट. तळमजल्यावर निघालेल्या.

“ते बारीक काय लिवलंसा?”

“खरं काय ते लिहिलंय,” सर म्हणाले. “अध्यक्षांचा आकडा इस्त्रीजवळचा होता म्हणून.”

केराबाईंनी फलकाकडे पाहिलं, मग अध्यक्षांच्या उघड्या दाराकडे. आत मठ्ठा घुसळल्याचा आवाज येत होता आणि कुणीतरी मोठ्याने हसत होतं.

“मग बारीकच ऱ्हाऊ द्या,” त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.